पांढरी तीन

पेंडल हिल, सिडनी
रविवार, ८ मार्च २००९

तीर्थस्वरूप भास्करकाका यांस,

यतिनचा साष्टांग नमस्कार.

मिरजेच्या दत्तप्रसाद पेटीवाल्यांचा यतिन लिहितो आहे. अक्षर तुम्ही ओळखले असेल. दुरुस्तीला आलेल्या पेट्यांवर नावाच्या चिठ्ठ्या मीच लिहून चिकटवत असे.

तुमचा कुडाळचा पत्ता आईने दिला. तुम्ही मुलीकडे, मयूराताईंकडे असता आणि पेटीच्या कामाला आता हात लावत नाही, असे ती म्हणाली. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, हे तुम्हाला कळले असेलच. बावीस वर्षे काम करून तुम्ही आमचे दुकान सोडलेत, त्याला येत्या जूनमध्ये सहा वर्षे होतील. त्याबद्दल या पत्रात मी काही लिहीत नाही. तुमची एक वस्तू माझ्याजवळ आहे. तिच्याबद्दलही पुढे कधीतरी लिहीन.

मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत स्टुडंट व्हिसावर इथे आलो. कोर्स स्वयंपाकाचा आहे. अकरावी अर्धवट सोडलेल्याला दुसरे काय मिळणार? हल्ली आपल्याकडची पुष्कळ मुले इथे स्वयंपाक नाहीतर केस कापणे शिकायला येतात. तीन दिवस कॉलेज असते, बाकीचे दिवस स्टेशनजवळच्या इंडियन ग्रोसरीत काम करतो. मालकीण नीलिमाताई डोंबिवलीच्या आहेत.

दुकानात दर महिन्याला एक गोऱ्या म्हाताऱ्या बाई खसखस घ्यायला येतात. परवा नीलिमाताई म्हणाल्या, “यतिन, तुझी खसखसवाली आली बघ. तूच जा बाबा, मला तिची भीती वाटते.”

मी गेलो. बाईंनी पाकीट उजेडात धरले. “ही पांढरी का आहे? खसखस निळी असते.”

“आमच्याकडे पांढरीच असते.”

“मग तुमच्याकडे चुकीची असते,” त्या म्हणाल्या आणि दोन पाकिटे घेतली. मग फळीवरच्या नावांच्या पट्ट्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “हे कोणी लिहिले?”

नीलिमाताई धावत आल्या. “काय झालं, मॅडम? स्पेलिंग चुकलं का?”

“नाही. एकही चुकलेले नाही. म्हणून विचारते.”

बाईंचे नाव झ्देन्का मारेशोवा. चेकोस्लोव्हाकियाच्या. पूर्वी लोकांपुढे पियानो वाजवत; अडतीस वर्षे याच गल्लीत तो शिकवत आल्या. आता ऐंशी वर्षांच्या होतील. येत्या २३ ऑगस्टला त्या आपल्या घरी, जुन्या शिष्यांसमोर, पस्तीस वर्षांनी वाजवणार आहेत. त्या दिवशी प्रत्येकाला बाईंच्या आयुष्यभराच्या कामाची एक छोटी पुस्तिका द्यायची आहे. तिच्यासाठी जुने कागद पाहून नीट उतरवून काढणारा माणूस त्यांना हवा होता. तो मी.

सुरांचे माणूस भेटले, हे सांगण्यासारखे मला दुसरे कोणी नाही. म्हणून हे पत्र. उत्तर पाठवलेच पाहिजे असे नाही.

आपला,
यतिन


१९ एप्रिल २००९

ती. स्व. भास्करकाकांस,

उत्तर आले नाही. तरी लिहितो. पत्र मी आधी कच्चे लिहून मग उतरवतो, त्यामुळे वेळ लागतो.

बाईंचे कागद चार खोक्यांत आहेत. सगळ्या कार्यक्रमपत्रिका चेक भाषेत, अक्षरांवर टोप्या घातल्यासारख्या खुणा. एकही टोपी मी सोडलेली नाही. बाईंचे वडील ब्रनो नावाच्या गावात टोप्याच विकत. त्याच दुकानामुळे पुढे सगळे बिघडले. १९४८ साली तिथे कम्युनिस्ट आले आणि दुकानदाराची मुलगी म्हणून बाईंना मोठ्या सभागृहात वाजवू देईनात. पुढची चौदा वर्षे त्यांना गिरण्यांत, खाणींत, खेड्यापाड्यांतल्या हॉलमध्ये पाठवले. तिथले पियानो सडके असत. बाई तारा पिळायची चावी पर्समध्ये ठेवत आणि आधी पियानो लावून मग वाजवत. ती चावी अजून त्यांच्या कपाटात आहे.

मग १९६२ साली दिवस थोडे सैल झाले. प्राग, बुडापेस्ट, लाइपझिग. या सहा वर्षांच्या पत्रिका उत्तम कागदावर आहेत. १९६८च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नाला एक कार्यक्रम आहे. त्यानंतर एकदम १९६९, सिडनी, बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरण्याचे काम. मधे काही नाही.

मी विचारले, “बाई, इथे एक ओळ कमी आहे. व्हिएन्नानंतर काय लिहू?”

“काही नाही.”

“पण जागा मोकळी दिसते.”

“दिसू दे,” त्या म्हणाल्या.

मी मोकळी ठेवली. पण ती मला टोचते. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे.

बाईंची शिकवण्याची एक पद्धत सांगतो. नवा शिष्य आला की पहिल्या दिवशी वाजवायचे नाही. बाई एकच पट्टी दाबून धरतात. शिष्याने डोळे मिटून ऐकायचे आणि सूर पूर्ण विझला की हात वर करायचा. बाई घड्याळ लावतात आणि वहीत नाव आणि सेकंद लिहितात. अशी चारशे बारा नावे आहेत. पहिल्या दिवशी कोणी नऊ सेकंदांत हात वर करतो, कोणी बारा. शेवटची शिष्या उर्वी, अकरा वर्षांची. तिचे वडील हृषिकेश आयटीत, पॅरामॅटाला ऑफिस. तिचे अकरा आहेत.

मलाही बसवले. मी हात वर केला तेव्हा बाई घड्याळाकडे बघत राहिल्या. एकतीस.

“तुला ऐकायला कोणी शिकवले?”

मी म्हणालो, माझ्या वडिलांनी.

हे मी तुम्हाला का लिहितो आहे, ते तुम्हाला कळेल.

यतिन


१७ जुलै २००९

भास्करकाका,

आज आनंदाची बातमी आहे. (टीव्हीवर इथल्या आपल्या मुलांवरचे हल्ले दाखवत असतील. मी ठीक आहे, काळजी नसावी.)

बाईंचे खुब्याचे ऑपरेशन झाले. त्या ६ जुलैपासून हॉस्पिटलमध्ये आहेत, १ ऑगस्टला घरी येतील. वाजवायला बसता आले पाहिजे म्हणून त्यांनी ऑपरेशन आधी उरकून घेतले. घराची किल्ली माझ्याकडे आहे. दुपारी जाऊन मी झाडांना पाणी घालतो, पियानो पुसतो.

जाण्याआधी, ३ तारखेला, बाईंनी पियानो लावून घेतला. लावणारा कॉलिन नावाचा एकसष्ट वर्षांचा माणूस. एकतीस वर्षे तोच लावतो. मी खुर्ची घेऊन शेजारी बसलो. हात फार स्वच्छ, काका. तुमच्यासारखाच एक डोळा बारीक करतो. पण त्याचे काम झाल्यावर मी पांढरी एक आणि पांढरी तीन एकत्र दाबली आणि मला धक्का बसला. पांढरी एकला सा धरला तर तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर गंधार येतो. तो गंधार चढा होता! चांगला चढा. दोन्ही सूर एकमेकांवर डोलत होते. तुम्ही असता तर पेटी उलटी करून ठेवली असतीत.

मी दहा दिवस रोज दुपारी तो गंधार ऐकला. सहन होईना. या वयात कॉलिनचा कान गेला असावा असे वाटले. परवा, बुधवारी, बाईंची चावी काढली आणि पांढरी तीन उतरवली. सातही सप्तकांतली. मधल्या सप्तकात एका सुराला तीन-तीन तारा असतात. खिळा केसभर फिरवायचा, ऐकायचे, पुन्हा फिरवायचा. तुम्ही सांगत असा, डोल पूर्ण थांबला की हात काढ. तसेच केले. पाच तास लागले.

मग सा-ग-प एकत्र दाबले. काका, घर शांत झाले. तंबोऱ्यातून ऐकू येतो तसा गंधार त्या काळ्या पियानोतून आला.

बाईंना काही सांगणार नाही. त्या येतील आणि स्वतःच ऐकतील. त्यांचा पहिला शब्द काय असेल तो तुम्हाला कळवीन.

आपला यतिन


९ ऑगस्ट २००९

भास्करकाका,

बाईंचा पहिला शब्द “सुंदर” हा होता.

मंगळवारी त्या काठी टेकत पियानोपाशी गेल्या. उर्वी शाळेतून आलेली होती, ती शेजारी उभी होती. मी स्वयंपाकघरात कपबशा पुसत होतो. बाईंनी सा-ग-प दाबले. बराच वेळ हात उचलला नाही. मग स्वतःशीच म्हणाल्या, “सुंदर.” पण आवाज आनंदाचा नव्हता. कोणी अनोळखी माणूस घरात येऊन बसलेले दिसावे तसा होता.

मग त्यांनी २३ तारखेची रचना सुरू केली. पहिली दोन पाने गोड वाजली. तिसऱ्या पानावर सा बदलला.

मला हे माहीत नव्हते. खरेच नव्हते. आपल्याकडे सा एकदा धरला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही, म्हणून सगळी पेटी त्या एका सासाठी लावता येते. यांच्या संगीतात सा चालत असतो. एका पानावर पांढरी एक, पुढच्या पानावर पांढरी तीन हाच सा. आणि ती तर मी उतरवून ठेवलेली. तिच्यावर उभे केलेले सगळे सूर भेसूर ओरडायला लागले. दार कुरकुरावे तसे.

बाई थांबल्या. दोन्ही हात मांडीवर घेतले. मग उर्वीला विचारले, अगदी हळू, “तुला ऐकू येते का? की फक्त मला?”

“इट्स ऑफ, मिसेस एम,” उर्वी म्हणाली. “लाइक, रिअली ऑफ. सगळे ई.” (ई म्हणजे आपली पांढरी तीन.) आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, “दादा, वुल्फसारखं वाजतंय.”

बाईंनी डोळे मिटले. त्यांना स्वतःच्या कानांची भीती वाटली होती. ती गेली, पण तिच्या जागी राग आला. त्यांनी कॉलिनला फोन केला. काय बोलणे झाले ते मला नीट ऐकू आले नाही.

दुसऱ्या कोणत्याही लावणाऱ्याला २६ तारखेच्या आधी वेळ नाही. बाई म्हणतात, अशा पियानोवर मी बसणार नाही, सगळ्यांना कळवून टाक. मी अजून कोणालाही कळवलेले नाही. त्यांची प्रकृती नाजूक आहे म्हणून माझी चूक मी त्यांना सांगितलेली नाही.

काका, डोल थांबवायला तुम्ही शिकवले. थांबवलेला डोल परत किती ठेवायचा, हे मला माहीत नाही. तुम्हाला काही सुचत असेल तर मयूराताईंच्या फोनवरून मिस्ड कॉल द्या, मी लगेच फोन करीन. नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे.

यतिन


१६ ऑगस्ट २००९

भास्करकाका,

मागच्या पत्रात नीट ऐकू आले नाही असे लिहिले, ते खोटे आहे. सगळे ऐकू आले.

बाई म्हणाल्या, “कॉलिन, तुझे वय झाले. तुझा कान गेला आहे आणि तुला ते सांगणारे कोणी नाही, म्हणून मी सांगते. उद्यापासून येऊ नकोस.”

पलीकडून तो काय म्हणाला ते कळले नाही. फार बोलला नसावा. बाईंनी लगेच फोन ठेवला.

मी तीच कपबशी पुसत होतो. ती केव्हाच कोरडी झाली होती.

“उद्यापासून येऊ नकोस.” काका, हे शब्द मी दुसऱ्यांदा ऐकले. आणि दुसऱ्यांदाही मी तिथेच उभा होतो.

य.


२० ऑगस्ट २००९

भास्करकाका,

सोमवारी दुपारी मी बाईंना सांगितले. त्या सूप पीत होत्या.

“पियानो मी बिघडवला. कॉलिनने नाही.”

चमचा खाली ठेवला. “पुन्हा सांग.”

“सगळे ई मी उतरवले. तुमच्या चावीने.”

“का?”

“मला ते चढे वाटले.”

“चढेच असतात!” त्या ओरडल्या. “सगळ्या पट्ट्या थोड्या थोड्या चुकीच्या ठेवायच्या, म्हणजे कुठूनही वाजवता येते. हे तुला शेंबडे पोरही सांगेल. मला विचारायचे नाही?” मग एकदम थांबल्या. “मी फोन करत होते तेव्हा तू कुठे होतास?”

“इथेच. कपबशा पुसत.”

“ऐकलेस?”

“हो.”

“सगळे?”

“हो.”

त्यांनी सूपची वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, “कॉलिनचा पत्ता फ्रिजवर लावलेला आहे. फोन करायचा नाही. जायचे.”

मंगळवारी बसने ब्लॅकटाउनला गेलो. कॉलिनने स्वतः दार उघडले. “ओ, झ्देन्काकडचा मुलगा! कम इन, मेट. बूट राहू देत.” मी दारातच सांगून टाकले, कारण आत गेलो असतो तर चहा घ्यावा लागला असता. तो ऐकत होता. मग आत गेला आणि एक कागद घेऊन आला.

“कान तपासून आलो,” म्हणाला. “गेल्या मंगळवारी. मशीन म्हणते ठीक आहेत. माझा मशीनवर विश्वास बसला नाही. म्हटले, झ्देन्का म्हणते तर गेले असणार. तीन जुन्या गिऱ्हाइकांना सांगून टाकले, दुसरा माणूस बघा.” त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. “पंधरा दिवस पियानोला हात लावला नाही, मेट. हात लावायची भीती वाटत होती.”

मला वाटले होते तो मारेल. तो मला उद्या सकाळी चावी घेऊन तयार राहा म्हणाला.

काल तो आला. बाईंनी दार उघडले.  त्यांनी फक्त त्याचा कोट हातात घेतला, एरवी तो स्वतःच खुंटीला अडकवतो. मग कॉलिनने मला पियानोपाशी बसवले. आपल्या डोलाला तो लाट म्हणतो. “तू उतरवलेस, तूच चढव. लाट पुसायची नाही. मोजायची. मधल्या सप्तकात सेकंदाला साधारण दहा.” सातही सप्तके त्याने माझ्याकडून लावून घेतली. चुकलो की तो फक्त बोट वर करी.

तो गेल्यावर बाई म्हणाल्या, “वही आण. ती ओळ लिही.” आणि त्यांनी व्हिएन्नानंतरची ओळ सांगितली.

त्या काळी देशाबाहेर जायचे तर कोणीतरी हमी द्यावी लागे, हे माणूस परत येईल म्हणून. बाईंच्या गुरू लुडमिला यांनी सही केली होती. बाई व्हिएन्नाला असताना रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले, आणि बाई परत गेल्याच नाहीत. लुडमिलाबाईंना अकादमीतून काढले. त्यांनी पुढची नऊ वर्षे हॉस्पिटलच्या फरश्या पुसल्या. बाईंनी त्यांना एकही पत्र लिहिले नाही. “पत्राने त्यांना त्रास होईल, असे मी सगळ्यांना सांगत असे,” बाई म्हणाल्या. “खरे म्हणजे पहिले वाक्य सापडत नव्हते. एकवीस वर्षे शोधले. सापडले, पाठवले, तर पत्र परत आले. त्या चार वर्षांपूर्वीच गेल्या होत्या.”

मग मला म्हणाल्या, “तू कोणाला पत्रे लिहितोस? दर वेळी टेबलावर कच्चा कागद राहतो.”

मी तुमचे नाव सांगितले. तेही सांगितले, की ऐकायला मला वडिलांनी नाही, तुम्ही शिकवले.

आता माझे पहिले वाक्य लिहितो. सहावे पत्र आहे, तरी हेच पहिले.

१४ जून २००३ला कीर्तनकार बुवांच्या पेटीतली मधल्या सप्तकातली पांढरी तीन तुम्ही मोडली नाही. मी मोडली. तुम्ही जेवायला गेला होतात. तुमची बारीक कानस घेऊन मी तिच्या आतली, सूर देणारी पितळी पट्टी घासली, कारण मला गंधार चढा वाटला आणि तुम्ही येण्याआधी तो लावून दाखवायचा होता. मुळाशी जास्त घासली गेली. मी ती तशीच बसवून टाकली. संध्याकाळी बुवांसमोर बाबांनी भाता मारला आणि पट्टी तुटली. बाबांनी विचारले, शेवटचा हात कोणाचा? मी म्हणालो, काकांचा. मी सोळा वर्षांचा होतो, पण मला सगळे कळत होते. बाबा म्हणाले, “भास्कर, तुझे डोळे गेले. उद्यापासून येऊ नकोस.” तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलेत. मग हत्यारे गोळा केलीत आणि गेलात. कानस मात्र माझ्या खिशात होती. ती मी सिडनीला घेऊन आलो. तीच ती वस्तू.

बाबांना मी शेवटपर्यंत सांगितले नाही.

कॉलिनचा तो कागद पाहिल्यापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. काका, तुम्हीही डोळे तपासून आला होतात का? त्या दिवसानंतर पेटीला हात लावला नाहीत, तो रागाने की भीतीने?

तुमचे डोळे ठीक होते. तुमचा हात चुकला नव्हता.

यतिन


२४ ऑगस्ट २००९

भास्करकाका,

काल कार्यक्रम झाला. तुम्हाला माझ्या पत्रांशी आता काही कर्तव्य नसेल, पण कामाचा शेवट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सेहेचाळीस माणसे आली. समोरच्या खोलीत मावेनात, तेव्हा व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. साठीचे शिष्य होते, आपल्या मुलांना घेऊन आलेले. नीलिमाताईंनी समोसे पाठवले आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. “बसले तर झोप लागेल रे, मला यातलं काही कळत नाही.” कॉलिन टाय लावून खिडकीशी बसला होता. प्रत्येकाला पुस्तिका दिली. १९६८च्या ओळीशी येऊन लोक थांबत होते, हे मला दिसत होते. त्या ओळीत लुडमिलाबाईंचे पूर्ण नाव आहे, सगळ्या खुणांसकट.

बाईंनी तीन रचना वाजवल्या. तिसरीत, जिथे सा बदलतो त्याच पानावर, त्या थांबल्या. विसरल्या. १९७४ सालीही अशाच विसरल्या होत्या आणि त्यानंतर लोकांपुढे कधी बसल्या नव्हत्या, हे मी पुस्तिकेसाठीच उतरवले होते.  खोलीत कोणी हलेना. बाई म्हणाल्या, “पुन्हा.” दोन ओळी मागे गेल्या आणि शेवटपर्यंत वाजवले. पांढरी तीन कुठेही ओरडली नाही.

टाळ्या थांबल्यावर त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. “डोळे मिटा,” म्हणाल्या. साठ वर्षांच्या माणसांनी लहान मुलांसारखे पटकन डोळे मिटले. बाईंनी मधल्या सप्तकातली पांढरी तीन दाबली आणि धरून ठेवली.

मी डोळे थोडे उघडे ठेवले होते, ही माझी वाईट खोड. आधी मुलांचे हात वर गेले. मग व्हरांड्यातले. मग एकेक जुना शिष्य. उर्वीने ओठ दाबून धरले होते, ती पुष्कळ टिकली. मला सूर एका धाग्याएवढा राहिलेला ऐकू येत होता, मग तोही गेला आणि मी हात वर केला.

खिडकीशी कॉलिनचे दोन्ही हात अजून गुडघ्यांवर होते. लोक एकेक करून डोळे उघडत होते आणि त्याच्याकडे बघत होते. त्याचे डोळे मिटलेलेच होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याने हळूच हात वर केला.

बाईंनी घड्याळ बंद केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “सदतीस. कॉलिन, मी तुला जे बोलले ते चूक होते.”

“नो वरीज, झ्देन्का,” तो म्हणाला. पण त्याला रुमाल काढावा लागला.

त्याला हे सेहेचाळीस माणसांसमोर मिळाले. तुम्हाला कुठे, कोणासमोर मिळणार? बुवा गेले, बाबा गेले. म्हणून मी काल आईला फोन करून सगळे सांगितले. तिने तो दिवस कोणता ते पुन्हा विचारले. मग म्हणाली, “भास्करभावजींना मी दिवाळीला फराळसुद्धा पाठवला नाही रे, सहा वर्षं.” आणि फोन ठेवला.

यतिन


२९ सप्टेंबर २००९

भास्करकाका,

तुमचे कार्ड आज मिळाले. ते मी इथे उतरवून काढतो, कारण माझ्या वहीत तुमचे शब्द असावेत असे वाटते:

“सातही पत्रे मिळाली. मयूरा वाचून दाखवू का म्हणाली, मी म्हटले मला दिसते. डोळे त्याच आठवड्यात मिरजेत तपासले होते. नंबर तोच निघाला. तरी हात उचलत नव्हता. तुझा चेहरा मी तेव्हाच पाहिला होता. दत्तोबा होता तोवर त्याला, तुझ्या बापाला, सांगायला हवे होतेस. इथल्या भजनी मंडळाची पेटी आली आहे, खालच्या सप्तकातला गंधार डोलतो. कानस पाठवून दे, इकडे तसली मिळत नाही. भास्कर.”

शेवटी आशीर्वाद लिहिलेला नाही. मी कार्ड उलटून दोनदा पाहिले. ते बरोबरच आहे.

कानस तेल लावून, जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून ठेवली होती, तशीच पाठवत आहे. मूठ बदललेली नाही. मी ती त्या दिवसानंतर एकदाही वापरली नाही. कॉलिन शनिवारी मला बरोबर नेतो, पण तिथे चावी लागते, कानस नाही.

पोस्टात पार्सलसाठी एक फॉर्म भरावा लागतो. आत काय आहे, या ओळीत मी ‘जुने हत्यार, एक नग’ असे लिहिले. खाली चार चौकोन होते, त्यांतल्या एकावर खूण करायची: भेट, कागदपत्रे, नमुना, परत जाणारी वस्तू. काउंटरवरची मुलगी म्हणाली, भेटीवर टिक करा, सगळे तेच करतात.

मी शेवटच्या चौकोनावर खूण केली.

यतिन